‘छोटेखानी’ची बेपत्ता पोस्टकार्डं

१

‘छोटेखानी’च्या सदतिसाव्या अंकातली चूक कोणालाच सापडली नाही, म्हणून रत्नप्रभाबाईंनी मासिक बंद करायचं ठरवलं.

हे वाक्य दारव्ह्याबाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागेल. ‘छोटेखानी’ हे आमचं द्वैमासिक. विषय एकच, खऱ्या वस्तूंची छोटी मॉडेलं कशी करावीत. बंडी, इंजिन, जिनिंगचं यंत्र, पानटपरी, देऊळ, जे दिसेल ते मापात बसवायचं, आणि काड्यापेटीच्या पुठ्ठ्यापासून पत्र्यापर्यंत ज्यात जमेल त्यात करायचं. वर्गणीदार दोनशे चाळीस, त्यातले दोनशे यवतमाळ जिल्ह्यातलेच. संपादक रत्नप्रभाबाई, पस्तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. उपसंपादक, नकाशे काढणारा, मुद्रितं तपासणारा आणि अंकांना पत्ते चिकटवणारा मी, साकेत. माझ्याकडे बी.एड.ची पदवी होती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

मासिकाची एक रीत होती. प्रत्येक अंकाच्या मधल्या पानावर एका वस्तूचा नकाशा असायचा आणि त्यात बाई एक चूक मुद्दाम ठेवायच्या. कधी इंजिनाला शिट्टी नसे, कधी बंडीचं जू उलटं, कधी पोस्टाच्या डब्याच्या दाराला बिजागऱ्याच नसत, कधी स्टेशनच्या घड्याळावर दोनदा सात. वाचकानं ती शोधायची आणि पोस्टकार्डावर लिहून कळवायची. बक्षीस काही नाही. तरी चाळीस-पन्नास कार्डं यायची, त्यातली निम्मी भांडणाच्या सुरात. बाई म्हणायच्या, मासिकाचा दर्जा छपाईवरून ठरत नाही, वाचक किती बारीक बघतो त्यावरून ठरतो.

साल दोन हजार सहा. कापसाचं संकट बघायला दर आठवड्याला दिल्ली-मुंबईच्या कुठल्या तरी चॅनलची गाडी जिल्ह्यात यायची. एकदा ते लोक चुकून आमच्या खोलीत शिरले. मी त्यांना टेबलावरची छोटी बंडी दाखवली. त्यांनी विचारलं, “इसमें संकट कहाँ है?” बाईंनी चष्मा नाकावर घेतला, बंडी उचलून फिरवून बघितली आणि म्हणाल्या, “चाकात. आरे बारा हवेत, अकराच आहेत.” ते लोक चहा न घेता गेले.

आमचं स्वतःचं संकट दिवाळीनंतर आलं. छत्तिसाव्या अंकावर पत्रं आली दोन. सदतिसाव्यावर एक. त्यातही चूक सापडलेली नव्हती. बाईंनी महिनाभर वाट बघितली. मग अडतिसाव्या अंकासाठी ‘निरोप’ नावाचं संपादकीय लिहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला अवधूतच्या छापखान्यात जायची होती.

“लोकांनी बघणं सोडलं, साकेत,” बाई म्हणाल्या. “बघतच नसतील तर काढायचं कोणासाठी?”

मी काहीतरी धीराचं बोलणार होतो, पण धीराचं वाक्य मला कधीच वेळेवर सुचत नाही. तेवढ्यात दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. खांद्याला झोळी, हातात मोजणीचा तीस मीटरचा टेप.

“माझी तीन पत्रं कुठं हायेत?” तिनं विचारलं.

२

ती वर्गणीदार क्रमांक सात होती. नाव मैत्रेयी, गाव केळापूर, नोकरी पांढरकवड्याला जमीन मोजणीची. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या अक्षराला मी घाबरायचो. पस्तीस चुकांपैकी तेहतीस तिनं शोधल्या होत्या, आणि शिवाय बाईंनी न ठेवलेल्या, म्हणजे माझ्या, बारा.

तिचं म्हणणं साधं होतं. छत्तिसाव्या अंकावर तिनं एक कार्ड पाठवलं, सदतिसाव्यावर एक. दोन्हींचा पत्ता नाही म्हणून तिसरं पाठवलं, जरा रागाचं. त्याचाही पत्ता नाही, म्हणून रजा टाकून स्वतः आली.

बाई म्हणाल्या, एखादं कार्ड गहाळ होतं.

मैत्रेयीनं झोळीतून एक वही काढली. निघण्याआधी तिनं केळापूर-पांढरकवड्याच्या अकरा वर्गणीदारांना विचारलं होतं. अकराही जणांनी दोन्ही अंकांवर लिहिलं होतं. एकानं तर चुकीबरोबर नकाशाची दुरुस्त आकृतीही पाठवली होती, आणि ती छापली नाही म्हणून तो बाईंशी जन्मात बोलणार नव्हता. तसा तो आधीही कधी बोलला नव्हता.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी ‘निरोप’चा कागद उचलला, पुन्हा खाली ठेवला.

“म्हणजे लोक लिहितायत,” त्या हळूच म्हणाल्या.

“लिहून राह्यले. तुमच्यापर्यंत येऊन नाही राह्यलं. मधी कोणीतरी हाय.”

बाईंनी सांगितलं की पानं उद्या पाचला जातात. त्याआधी पत्रं हातात आली तर ती छापू. नाही आली तर निरोप छापू, कारण पुराव्याशिवाय काहीही छापायची ‘छोटेखानी’त पद्धत नाही.

“उद्या पाच म्हणजे पुष्कळ झालं,” मैत्रेयी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “इथं आलेली पत्रं पहिल्यांदा कोणाच्या हातात पडतात?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“बसा मग.”

३

चौकशी मला नवीन नव्हती, बी.एड.ला तोंडी परीक्षा असते. पण तिथं परीक्षकाच्या हातात टेप नव्हता.

मैत्रेयीनं माझा हेतू माझ्या आधी शोधला. नकाशे मी काढतो. वाचक चुका काढतात. पत्रं आलीच नाहीत तर माझ्या चुका कोणाला कळणार? मी मान्य केलं की हेतू उत्तम आहे आणि मला तो आधी सुचला नाही याचं वाईट वाटतं. मग तिनं माझं टेबल, कपाट, जुने अंक आणि जेवणाचा डबा तपासला. डब्यात वांग्याची भाजी निघाली. तिनं मला यादीत खाली सरकवलं. पूर्ण काढून टाकलं नाही.

दुसरा अवधूत. त्याचा छापखाना मुख्यतः लग्नपत्रिकांचा. आमचे नकाशे छापायला तो कायम कंटाळलेला असे, कारण केसाइतकी बारीक रेघ उठवायला यंत्र दोनदा धुवावं लागे. शिवाय आमचे वाचक आता त्याच्या लग्नपत्रिकांवरही पत्रं पाठवू लागले होते. एकानं पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड मोजून ती प्रमाणात नसल्याचं कळवलं होतं.

“मासिक बंद झालं तर मी पेढे वाटीन,” अवधूत शाई पुसत म्हणाला. “पण पत्रं मी कायले चोरू? मले तुमचं मासिक नको हाय, त्याची पत्रं कशाला पाहिजेत?”

मैत्रेयीला हे पटलं. मला थोडं लागलं.

खोलीवर परत येऊन तिनं पोचलेली तीन कार्डं मागितली. दिवाळीपासून आलेली एकूण मिळकत ती एवढीच होती. तिनं ती टेबलावर एका ओळीत मांडली. दोन नागपूरची, एक अकोल्याचं. तिन्ही पोस्टमन देवीलालनं घरी आणून दिलेली.

“जिल्ह्यातलं एकही नाही,” ती म्हणाली. “जिल्ह्यातले लोक कार्ड पोस्टात टाकतात?”

नाही टाकत. ही आमच्याकडची दुसरी रीत. कार्ड लिहायचं आणि जीपवाल्याच्या हातात द्यायचं. पांढरकवड्याचं कार्ड या जीपमधून त्या जीपमध्ये असं हातोहात यवतमाळला येतं आणि यवतमाळहून रामधनच्या जीपनं दारव्ह्याला, त्याच दिवशी. रामधन गठ्ठा आणून आमच्या ओट्यावर टाकायचा आणि भोंगा वाजवून जायचा.

“आता किती दिवसांत भोंगा ऐकला नाही?” मैत्रेयीनं विचारलं.

बाई आणि मी एकमेकांकडे बघितलं. दिवाळीपासून.

४

रामधन जीपस्टँडवर बोनेटवर बसून संत्रं सोलत होता. पत्रं कुठं आहेत असं विचारल्यावर तो मुळीच घाबरला नाही, उलट त्यानं आम्हाला दोन फोडी दिल्या.

“डब्यात,” तो म्हणाला. “आधी मले तुमच्या ओट्यापर्यंत यावं लागे. गल्लीत जीप वळत नाही, रिवर्स घ्यावं लागते. आता दिवाईपासून इथं स्टँडवरच डबा लागला ना. सरकारनं सोय करून देल्ली. उतरलो का गठ्ठा डब्यात टाकतो. एकबी कार्ड गाडीत नाही ठेवत, पाहून घ्या.”

मी ज्याला टेकून हे ऐकत होतो तोच तो डबा. लाल, गोल, वर टोपीसारखं झाकण, बुडाशी गंजाचे पोपडे. मी रोज संध्याकाळी तिथंच टेकतो. त्या दिवशी मधेच घरी जाऊन पांढरा शर्ट घालून आलो होतो, कारण संशयितानं नीट दिसावं असं आई म्हणते.

डब्याला लागूनच उकंडाचं दुकान. उकंडा पत्र्याचे कूलर करतो, आणि ‘छोटेखानी’चा जुना वर्गणीदार आहे. वाचायचा त्याला कंटाळा, पण नकाशे जपून ठेवतो. बाईंचं आणि त्याचं एकदाच वाजलं होतं. वार्षिक प्रदर्शनात त्यानं एकास एक प्रमाणात कूलर आणला होता. बाई म्हणाल्या, हे मॉडेल नाही, हा कूलर आहे. उकंडा म्हणाला, एकास एक हेसुद्धा प्रमाणच हाय. बाईंनी विचारलं, चालतो का? उकंडानं मोठ्या अभिमानानं बटण दाबलं, आणि गार हवेत बाईंनी निकाल दिला की जे चालतं ते मॉडेल नव्हे. उन्हाळा असल्यामुळे परीक्षक मात्र तिथून हलले नाहीत.

उकंडा चहा घेऊन बाहेर आला. मैत्रेयीला नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं आणि जरा घाईनं म्हणाला, “साकेतभाऊ, टेकू नका. जुना डबा हाय.”

मला खटला सुटल्यासारखा वाटला. पत्रं डब्यात पडली, डबा पोस्टमन उघडतो, म्हणजे देवीलाल. मी हे मैत्रेयीला सांगितलं. तिनं डब्याच्या दाराला टेप लावला, आकडा वहीत लिहिला आणि चहाचा कप खाली ठेवला.

देवीलाल घरी जेवायला बसला होता. त्यानं हात धुतले, खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यातून त्याची यादी. दारव्ह्यात त्याच्याकडे डबे दोन. एक डाकघराच्या दारात, एक तहसीलसमोर. दोन्ही तो ठरल्या वेळी उघडतो, चावी कमरेला असते, कमर त्याची स्वतःची असते.

“आणि जीपस्टँडचा?” मी विचारलं.

देवीलालनं यादी उलटून मागची बाजू बघितली. मग पुन्हा पुढची.

“जीपस्टँडवर डबाच नाही,” तो म्हणाला.

मी माझ्या शर्टाची पाठ चाचपली.

५

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी दहालाच स्टँड भरलं होतं. मैत्रेयीनं सगळ्यांना डब्यापाशी बोलावलं. बाई गुडघ्यांमुळे कधी स्टँडवर येत नाहीत, त्या रिक्षातून आल्या आणि रिक्षातच बसून राहिल्या. अवधूत पानं न्यायला म्हणून आला होता, म्हणजे बंद पडताना बघायला. देवीलाल, रामधन, उकंडा, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असे साधारण सत्तर लोक. केळापूरहून पहिल्या जीपनं आलेले आमचे सहा वर्गणीदार पुढच्या रांगेत होते.

मैत्रेयीनं आवाज चढवला नाही. शेतात बांधाचा वाद सोडवताना जसं बोलत असेल तसंच बोलली.

पोस्टानं आलेली तिन्ही पत्रं बाईंना मिळाली, म्हणजे पोस्ट निर्दोष. रामधननं सगळी कार्डं याच डब्यात टाकली आणि ती पुढं गेली नाहीत, म्हणजे ती अजून आतच आहेत. आता हा डबा. रामधन सांगतो की दिवाळीला लागला. उकंडा सांगतो की जुना आहे. चार महिन्यांचा डबा वीस वर्षं गंजलेला कसा?

“साकेत, पाठ दाखवा,” ती म्हणाली.

मी सत्तर लोकांना पाठ दाखवली. शर्ट कालचाच होता, आणि पाठीवर तो तेवढाच पांढरा होता.

“गंजाला टेकलं का डाग पडतो. इथं चार महिने हा माणूस रोज टेकून राह्यला, एक डाग नाही. हा गंज नोहे. गेरू, चहाची पूड आणि डिंक, वरून पातळ वार्निश. अंक अठ्ठावीस, ‘गंज कसा चढवावा’.”

पुढच्या रांगेतला एक वर्गणीदार म्हणाला की त्या लेखात डिंकाचं प्रमाण जास्त सांगितलं होतं. बाईंनी रिक्षातूनच त्याला थांबवलं.

मैत्रेयीनं झोळीतून एकतिसावा अंक काढला आणि मधलं पान उघडून वर धरलं. पोस्टाच्या डब्याचा नकाशा, प्रमाण एकास आठ. नकाशात दाराची उंची साडेतीन सेंटिमीटर. या डब्याचं दार तिनं काल मोजलं होतं, अठ्ठावीस. बरोब्बर आठपट. टोपी आठपट, तोंड आठपट, बुड आठपट.

“पण सरकारी डबाबी याच मापाचा असतो,” देवीलाल म्हणाला.

“असतो. मग तुम्हीच सांगा दादा, या दारात काय कमी हाय?”

देवीलाल पुढं आला. त्यानं दाराच्या एका कडेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या कडेवरून. मग तो मागं सरकला.

“बिजागऱ्या नाहीत,” तो म्हणाला. “अन् हे दार नाहीच. नुसती रेघ कोरली हाय.”

“जगात बिजागऱ्या नसलेला पोस्टाचा डबा एकाच ठिकाणी हाय,” मैत्रेयी म्हणाली. “अंक एकतीस, पान चौदा. बाईंनी मुद्दाम ठेवलेली चूक. मीच कळवली होती, आणखी चाळीस जणांनी कळवली होती, अंक बत्तीसमध्ये छापूनबी आली. ज्यानं हा डबा केला त्यानं नकाशा पाहिला, पण पुढच्या अंकातली पत्रं वाचली नाहीत.”

नकाशा मी काढला होता. चार महिने मी माझ्याच नकाशाला टेकत होतो आणि मला तो ओळखू आला नाही. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला लिहावं लागणार नाही.

सगळे उकंडाकडे बघू लागले. त्यानं डोक्यावरचा गमछा काढला.

“मीच केला,” तो म्हणाला. “प्रदर्शनासाठी. जागा नव्हती म्हणून बाहेर ठेवला. रंग सुकत नाही तर साकेतभाऊनं येऊन दोन पाकिटं टाकली अंदर.”

ते शिक्षकाच्या नोकरीचे माझे दोन अर्ज होते. मला मुलाखतीला का बोलावत नाहीत हा प्रश्न जिल्ह्यातल्या दोन संस्थांबद्दल माझ्या मनात चार महिने कडवटपणे घोळत होता. मी तो मागे घेतला.

“मग रामधन टाकू लागला,” उकंडा सांगत होता. “पत्रं कोणाची, मले मालूम नाही, अंदर दिसत नाही. काढाची म्हणलं तर फोडल्याबिगर निघत नाही. दार उघडतच नाही ना. अन् बाई, कूलर चालत होता म्हणून तुमी नापास केला. हा डबा चालत नाही. लोकाईनं पत्रं टाकली, म्हणजे दिसते खऱ्यावाणी. पत्रं निघत नाहीत, म्हणजे चालत नाही. मंग हे मॉडेल हाय का नाही, तुमीच सांगा.”

सत्तर लोक रिक्षाकडे वळले.

बाई खाली उतरल्या. मैत्रेयीच्या हातातून त्यांनी अंक घेतला आणि डब्याभोवती एक फेरी मारली, नकाशा बघत, डबा बघत. दाराशी थांबल्या. कोरलेल्या रेघेवर नख लावून बघितलं.

“तुम्ही हे सगळं नकाशावरून केलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही तं कशावरून? स्केल लावून पाहलं, बाई. रेघ न् रेघ. तुमच्या नकाशात बिजागरी नव्हती, म्हणून मी बसवली नाही. तुमी चुकान असं वाटलं नाही मले.”

चार महिन्यांत कोणी बघत नाही अशी त्यांची खात्री झाली होती, आणि समोर एक माणूस होता ज्यानं त्यांची चूकसुद्धा इमानानं बांधली होती.

“पास,” त्या म्हणाल्या.

६

पत्रं मात्र अजून आतच होती, आणि अकरा वाजले होते.

अवधूतनं छिन्नी आणायला माणूस पाठवला. उकंडा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि दुसरीकडे बघू लागला. छिन्नी आली. बाईंनी ती हातात घेतली आणि रिक्षाच्या सीटखाली ठेवून दिली.

“मॉडेल फोडायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळे मॉडेल करणारे आहात ना? कोण काय काय घेऊन आलंय?”

पुढं जे झालं ते दारव्ह्याच्या बाजारानं आधी पाहिलं नव्हतं. आमच्या वाचकाच्या खिशात कायम चिमटा असतो, जसा इतरांच्या खिशात रुमाल. पुढच्या रांगेतल्या सहा जणांनी सहा चिमटे काढले. ते आखूड पडले. डब्याच्या तोंडाच्या आत पाणी जाऊ नये म्हणून एक तिरपी पट्टी होती, नकाशात होती म्हणून उकंडानं बसवली होती, आणि चिमटा तिच्यावर अडायचा. मग एकानं सायकलचे आरे मागवले, दुसऱ्यानं ते वाकवले, आणि उकंडा पायरीवरून उठला, कारण कोणीतरी जोडाला डाख चुकीचा देतंय हे त्याला बघवेना. अर्ध्या तासात हातभर लांब, कोपरात वाकणारे चार चिमटे तयार झाले.

पहिलं कार्ड बाराला पाच कमी असताना बाहेर आलं. बाईंनी ते घेतलं, लांब धरून मोठ्यानं वाचलं.

“‘संपादकांस. अंक छत्तीस. जिनिंगच्या चिमणीला तुम्ही शिडी दाखवली आहे. ती जमिनीपासून बारा फुटांवर सुरू होते. तिथपर्यंत माणूस उडत जातो काय?’”

हीच ती चूक. बाईंनी कार्ड उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं आणि पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “पुढचं काढा.”

एक वाजेपर्यंत तीस निघाली. खबर बाजारात पसरली आणि बाजार आमच्याकडे सरकला. यवतमाळच्या दुपारच्या जीपमधून आणखी वर्गणीदार उतरले, तेही चिमट्यांसकट. तळाशी चिकटून बसलेली कार्डं चिमट्यात येईनात, तेव्हा कापूस विकायला आलेल्या एका बाईंनी, रामीबाईंनी, गाठोड्यातून मूठभर कापूस काढला, काडीला गुंडाळला, डिंकात बुडवला आणि आत सोडला. एका खेपेत पाच कार्डं चिकटून वर आली. त्या वर्षी जिल्ह्यात कापसाला टाळ्या पडल्याचा प्रसंग माझ्या माहितीत हा एकच.

मैत्रेयी प्रत्येक कार्डाला क्रमांक देत होती. तिचं स्वतःचं तिसरं कार्ड निघालं तेव्हा तिनं ते न वाचताच झोळीत टाकायचा प्रयत्न केला. बाईंनी हात पुढं केला. कार्डावर एवढंच होतं, ‘पत्रं छापायची नसतील तर मासिकाला पुठ्ठ्याचंच समजावं काय?’ बाई म्हणाल्या, हे पहिलं छापू.

साडेतीनला अवधूत टॉर्च धरून डब्यात डोकावत होता आणि डावीकडं, डावीकडं असं ओरडत होता. त्याला छापखान्याची आठवण करून दिली तर तो म्हणाला, यंत्र कुठं पळून नाही राह्यलं.

साडेचारला डबा रिकामा झाला. आमची कार्डं एकशे त्रेचाळीस. इतर लोकांची एकोणीस, ती देवीलालनं मोजून पिशवीत घातली. त्यात एक लग्नपत्रिका होती, लग्न होऊन महिना झालेलं. देवीलालनं ती तरी पोचवली, आणि त्या घरून आहेर आला असं म्हणतात. माझे दोन अर्ज त्यानं मला परत दिले. मी ते पुन्हा टाकले नाहीत. मला त्या दिवसानंतर उपसंपादकाची जागा सोडवेना.

एकशे त्रेचाळीसपैकी एकशे दहा जणांनी बाईंच्या दोन्हींपैकी एक तरी चूक पकडली होती. एकतीस जणांनी सदतिसाव्या अंकात आणखी एक पकडली होती, जी बाईंनी ठेवली नव्हती. बाईंनी ती कार्डं वेगळी काढून माझ्या हातात दिली. इतक्या प्रेमानं मला कोणी कधी रागावलं नव्हतं.

पाच वाजता पानं छापखान्यात गेली. ‘निरोप’ला जागाच उरली नाही, पत्रांना आठ पानं जास्तीची जोडावी लागली, आणि ती जोडू या असं अवधूतच म्हणाला. डबा उकंडानं रस्त्यावरून उचलून आमच्या खोलीत आणला, देवीलालसमक्ष, म्हणजे पुन्हा कोणी फसू नये. मुखपृष्ठावर त्याचा फोटो घेतला. फोटोत तो एकास आठ झाला, तेव्हा कुठं आमच्या प्रमाणात बसला.

त्या अंकाचं मधलं पान तेवढं बाईंनी दोन दिवस मागे ठेवलं आणि त्यासाठी जीपस्टँडचा नकाशा करायला सांगितला, उकंडाच्या दुकानासकट. मी, मैत्रेयी आणि उकंडा, तिघांनी तो चारदा तपासला. मग बाईंनी नकाशाखाली एक ओळ लिहिली. ‘या अंकात मुद्दाम ठेवलेली चूक नाही. वाचकांनी निश्चिंत असावं.’

अंक गेला आणि पाचव्या दिवशी गल्लीत रामधनचा भोंगा वाजला. तो जीप रिवर्स घेत घेत ओट्यापर्यंत आला आणि त्यानं गठ्ठा टाकला. बाईंनी दोरी सोडली. छप्पन कार्डं होती, आणि चुका सत्तावीस.

“चला,” बाई म्हणाल्या आणि बाह्या सरसावून बसल्या. “एकेक घ्या.”